एका जनुकाची अर्धी गैरहजेरी

रक्त कमी आहे असे डॉक्टरांनी सांगितले, की आपल्या घरांतून पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, खजूर आणि बीट यांची चर्चा सुरू होते. बहुतेक वेळा ती अनाठायी नसते. कारण लोहाची कमतरता हे अ‍ॅनिमियाचे सर्वांत मोठे कारण आहे. परंतु अ‍ॅनिमियाचा एक प्रकार असा आहे, की त्यात लोह कमी नसते, जीवनसत्त्वे कमी नसतात, रक्तस्राव होत नसतो आणि तांबड्या पेशी फुटतही नसतात. त्या मुळात तयारच होत नाहीत. दोन-तीन महिन्यांचे बाळ हळूहळू पांढुरके पडू लागते, दूध पिताना दमते, आणि तपासणी केली तर पांढऱ्या पेशी व बिंबिका व्यवस्थित, मात्र तांबड्या पेशींचा दुष्काळ असे विचित्र चित्र दिसते. या आजाराचे नाव 'डायमंड-ब्लॅकफॅन अ‍ॅनिमिया'. दहा लाख जन्मांमागे सुमारे पाच ते सात बालकांत आढळणारा हा आजार दुर्मिळ खरा. पण त्याच्या शोधाशोधीतून पेशीच्या अगदी गाभ्यातील एका यंत्रणेविषयी जे कळले, ते वैद्यकाला आजही पुरते पचलेले नाही. त्या कथेच्या केंद्रस्थानी आहे 'आरपीएस-१९' नावाचे एक छोटेसे जनुक.

हे जनुक आपल्या १९व्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर वसलेले आहे. त्याच्या आज्ञेवरून तयार होणारे प्रथिन अवघ्या १४५ अमिनो आम्लांचे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीएवढाच त्याचा आकार. ते ना पचनाचे काम करते, ना संरक्षणाचे. ते फक्त रायबोसोमचा एक भाग असते.

प्रथिनांचा कारखाना

रायबोसोम हा शब्द शाळेच्या जीवशास्त्रात सर्वांनीच वाचलेला असतो आणि परीक्षा संपताच विसरलेलाही असतो. पेशीच्या केंद्रकातील डीएनएमध्ये प्रथिनांच्या पाककृती असतात. त्यांची नक्कल संदेशवाहक आरएनएच्या रूपाने केंद्रकाबाहेर येते आणि ती वाचून एकेक अमिनो आम्ल जोडत प्रत्यक्ष प्रथिन घडवण्याचे काम रायबोसोम करतो. जॉर्ज पॅलेड यांनी १९५०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे कण टिपले; त्यांना १९७४चे नोबेल मिळाले. पुढे या कणांची अणूपर्यंतची रचना उलगडल्याबद्दल २००९ साली रसायनशास्त्राचे नोबेल तिघांना देण्यात आले. त्यात चिदंबरमला जन्मलेले आणि बडोद्यात शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन होते, हे आपल्या वाचकांच्या स्मरणात असेलच. त्यांनी उलगडलेली रचना मात्र जिवाणूच्या रायबोसोमची होती. माणसाचा रायबोसोम त्याहून मोठा आणि अधिक गुंतागुंतीचा.

मानवी रायबोसोमचे दोन भाग असतात, एक लहान आणि एक मोठा. जात्याच्या दोन तळ्यांसारखे ते संदेशवाहक आरएनएवर एकत्र येतात आणि काम संपताच पुन्हा वेगळे होतात. दोन्ही मिळून चार आरएनए रेणू आणि सुमारे ८० प्रथिने. यांपैकी ३३ प्रथिने लहान भागात असतात, त्यांतले एक आपले एस-१९. (जिवाणूंच्या रायबोसोममध्येही 'एस-१९' नावाचे एक प्रथिन आहे, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही. नुसते नामसाधर्म्य! या घोळाला कंटाळून २०१४ साली शास्त्रज्ञांनी नवी नामावली काढली. तीत मानवी प्रथिनाला 'ईएस-१९' म्हणतात. जिवाणूंत त्याचा समकक्ष नाही, हेच त्या 'ई'वरून सुचवले आहे.)

वेगाने वाढणाऱ्या मानवी पेशीत रायबोसोमांची संख्या काही दशलक्षांच्या घरात जाते आणि दर मिनिटाला हजारो नवे उपघटक तयार होत असतात. हे बांधकाम केंद्रकातील 'केंद्रिका' नावाच्या गर्द ठिपक्यात चालते. तेथे आधी एक लांबलचक आरएनए तयार होतो आणि मग तो ठरावीक ठिकाणी कापून, तासून त्यातून कामाचे तुकडे काढले जातात. लहान उपघटकाचा कणा असलेला '१८-एस' आरएनए असाच तासून निघतो. ही तासणी पूर्ण होण्यासाठी एस-१९ प्रथिन जागेवर असावे लागते. ते नसेल तर आरएनए अर्धवट कापलेल्या अवस्थेत अडकून पडतो आणि लहान उपघटक पुरा होत नाही. यीस्टमध्ये हे २००५ साली दिसले, मानवी पेशींत २००७ साली. म्हणजे एस-१९ ही केवळ इमारतीतील एक वीट नव्हे; ती बसवल्याशिवाय पुढचा थर चढत नाही.

आजार आधी, जनुक नंतर

बाल्टिमोरचे बालरोगतज्ज्ञ ह्यू जोसेफ्स यांनी १९३६ साली अशा दोन बालकांची नोंद केली होती. दोन वर्षांनी, १९३८ साली, बोस्टनच्या लुई डायमंड आणि केनेथ ब्लॅकफॅन यांनी चार बालकांची सविस्तर हकिकत प्रसिद्ध केली आणि आजाराला त्यांचे नाव चिकटले. जोसेफ्स यांचे नाव मागे पडले. वैद्यकाच्या इतिहासात असे अन्याय नवे नाहीत. त्या काळी हाती उपाय एकच होता, तो म्हणजे रक्त चढवणे. १९५१ साली कॉर्टिकोस्टेरॉइडने काही बालकांचे रक्त वाढते असे आढळले आणि आजही तेच मुख्य औषध आहे. ते नेमके का लागू पडते, याचे पूर्ण उत्तर सत्तर वर्षांनंतरही मिळालेले नाही.

आजार आनुवंशिक असावा अशी शंका जुनी होती, कारण काही घराण्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या दिसे. शिवाय जवळजवळ निम्म्या रुग्णांत जन्मजात व्यंगे असत: अंगठ्याला दोनऐवजी तीन पेरे, दुभंगलेली टाळू, हृदयातील दोष, खुंटलेली उंची. धागा हाती लागला तो स्वीडनमध्ये. उप्साला येथील निक्लास डाल यांच्या गटाकडे एका रुग्णाची नोंद होती, जिच्या पेशींत एक्स आणि १९व्या गुणसूत्राच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली होती. गुणसूत्र जेथे तुटले, तेथेच रहस्य दडलेले असणार हा तर्क बरोबर ठरला. १९९९ साली त्यांनी जाहीर केले, की तुटीची जागा आरपीएस-१९ या जनुकाच्या मधोमध आहे. आणि परस्परांशी नाते नसलेल्या आणखी ४० रुग्णांपैकी १० जणांत याच जनुकात बिघाड सापडला.

शास्त्रज्ञांना आनंदापेक्षा आश्चर्य अधिक वाटले. रायबोसोम तर शरीरातील झाडून साऱ्या पेशींना लागतो. मेंदू, यकृत, त्वचा, आतडे, कशाचेच त्यावाचून चालत नाही. मग त्याच्या एका भागात बिघाड झाला तर केवळ तांबड्या पेशीच का अडाव्यात? अनेकांनी सोपा मार्ग काढला: एस-१९ला रायबोसोमखेरीज दुसरे काही गुप्त काम असले पाहिजे, आणि तेच बिघडत असले पाहिजे. हा तर्क काही वर्षे टिकला. २००६ साली आरपीएस-२४ या दुसऱ्याच रायबोसोम जनुकातील बिघाडानेही हाच आजार होतो असे दिसले. मग रांगच लागली. आज अशी वीसहून अधिक जनुके ठाऊक आहेत. मोठ्या उपघटकातील प्रथिनांचीही त्यांत आहेत. सर्वांना एकच गुप्त काम असणे शक्य नव्हते. दोष रायबोसोमच्या बांधणीतच होता. तरीही रुग्णांतील साधारण चौथा हिस्सा एकट्या आरपीएस-१९च्या खात्यावर जातो.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावयास हवा. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. या रुग्णांत एकच प्रत बिघडलेली असते, दुसरी ठणठणीत असते. दोन्ही बिघडल्या तर जीव जन्मालाच येत नाही. उंदरांत तसे भ्रूण गर्भाशयाच्या भिंतीत रुजण्यापूर्वीच नष्ट होतात. म्हणजे आजार होतो तो प्रथिन नसल्यामुळे नव्हे, निम्मे असल्यामुळे.

लग्नघरातील चूल

निम्म्याने भागत का नाही? घरात चार माणसे असतील तर दोनांपैकी एक चूल बंद पडली तरी स्वयंपाक होतो, थोडा उशीर होतो इतकेच. पण त्याच घरात लग्नाच्या पंगती उठायच्या असतील, तर एका चुलीवर निभाव लागत नाही. अस्थिमज्जा हे कायमचे लग्नघर आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात आणि त्यांतील प्रत्येकीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू भरलेले असतात. ज्या पेशीतून या तांबड्या पेशी जन्मतात, तिला झपाट्याने विभाजन करायचे असते, आणि पुढच्या टप्प्यावर केंद्रक टाकून देण्यापूर्वी प्रथिनांचा हा सारा साठा करून ठेवायचा असतो. रायबोसोमांवर इतका ताण क्वचितच कोणत्या पेशीत येत असेल.

ही उपमा सोयीची आहे, पण पुरेशी नाही. चूल कमी पडली तर पंगत लांबेल. येथे तर आचारीच उठून जातो. मजल-दरमजल वाढणाऱ्या या पेशी केवळ मंद होत नाहीत, त्या मरतात. त्यामागची साखळी आता बरीच स्पष्ट झाली आहे. रायबोसोमची बांधणी अडली, की न वापरलेले सुटे भाग साचू लागतात. त्यांतील एल-५ आणि एल-११ ही दोन प्रथिने एका लहान आरएनएसह 'एमडीएम-२' नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतात. एमडीएम-२चे नेहमीचे काम म्हणजे 'पी-५३'ला सतत नष्ट करत राहणे. पी-५३ हा पेशीचा पहारेकरी. काही गडबड दिसली की तो विभाजन थांबवतो, प्रसंगी पेशीला आत्मनाश करावयास लावतो. एमडीएम-२ अडकून पडल्यावर पी-५३ला मोकळे रान मिळते. कर्करोगापासून आपल्याला वाचवणारी ही यंत्रणा येथे निरपराध पेशींवर उलटते.

२००८ साली याचा पुरावा मिळाला तो जरा अनपेक्षित ठिकाणी, उंदरांच्या त्वचेत. काही उंदरांचे तळपाय आणि शेपटी गडद रंगाची का, याचा शोध घेताना संशोधकांना त्यांच्यात आरपीएस-१९चा बिघाड सापडला. त्वचेच्या पेशींत पी-५३ वाढला होता आणि त्यामुळे रंगपेशींना वाढीचा संदेश जात होता. त्याच उंदरांत तांबड्या पेशीही कमी होत्या. पी-५३ काढून टाकताच दोन्ही गोष्टी सुधारल्या.

तरी पी-५३ हे पूर्ण उत्तर नव्हे. २०१२ साली या आजाराच्या काही रुग्णांत रायबोसोमऐवजी 'गाटा-१' या जनुकात दोष आढळला. गाटा-१ हा तांबड्या पेशींचा मुख्य सूत्रधार. तो नसेल तर पेशीला आपण तांबडी पेशी व्हायचे आहे हेच उमगत नाही. पुढील संशोधनात दिसले, की रायबोसोम कमी पडले की सर्व प्रथिने सारख्या प्रमाणात घटत नाहीत. काही संदेशांना रायबोसोम सहज मिळतात, काहींना झगडावे लागते. आणि गाटा-१चा संदेश या दुसऱ्या गटातला आहे. रेशन कमी झाले की सर्वांत आधी उपाशी राहतो तो रांगेतला शेवटचा, तसाच हा प्रकार. याखेरीज ग्लोबिन वेळेवर तयार न झाल्याने पेशीत मोकळे 'हीम' साचते व ते विषारी ठरते, असेही एक स्पष्टीकरण आहे. यांपैकी खरे कोणते, यावर परिषदांतून हिरिरीने वाद होतात. प्रस्तुत लेखकाला ती तिन्ही परस्परपूरक वाटतात. एकाच पेशीत तिन्ही घडू नयेत असे काही नाही.

एका कुटुंबापुढील प्रश्न

प्रयोगशाळेतील या घडामोडींचा रुग्णाच्या घराशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे.

निदान झालेल्या बाळाला साधारणपणे वर्षभर रक्त चढवून सांभाळतात, कारण लहान वयात स्टेरॉइड दिले तर वाढ खुंटते आणि लसीकरणातही अडचण येते. त्यानंतर स्टेरॉइड सुरू केले जाते. सुमारे ८० टक्के मुलांत आरंभी त्याचा गुण येतो. पण पुढे मात्रा कमी करता करता कित्येकांत तो टिकत नाही. मग दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवणे आले. थॅलेसेमियाच्या मुलांचे पालक हे चक्र जाणतात. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर २०० मिलिग्रॅमहून अधिक लोह शरीरात शिरते आणि ते बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने केलेली नाही. ते हृदयात, यकृतात, अंतःस्रावी ग्रंथींत साचते. ज्या आजाराचे नाव अ‍ॅनिमिया, त्याचाच रुग्ण अखेर लोहाच्या अतिरेकाने आजारी पडावा हा दैवदुर्विलासच. लोह काढणारी औषधे आहेत, पण त्यांतही भेद करावा लागतो. थॅलेसेमियात वापरले जाणारे डेफेरिप्रोन येथे सहसा टाळतात, कारण त्याने पांढऱ्या पेशी एकाएकी घटण्याचा धोका असतो.

कायमचा इलाज म्हणून अस्थिमज्जा प्रत्यारोपणाकडे पाहिले जाते, आणि जनुकाचे ज्ञान खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ते येथे. दाता म्हणून पहिली पसंती सख्ख्या भावंडाला. परंतु हा आजार एकाच घरात फार वेगवेगळी रूपे घेतो. तोच बिघाड असलेल्या दोन भावंडांपैकी एकाला महिन्याला रक्त लागते, तर दुसऱ्याच्या तांबड्या पेशी जरा मोठ्या आहेत, एवढेच काय ते दिसते; तेही कोणी मुद्दाम पाहिले तर. असे वरकरणी निरोगी भावंड दाता म्हणून निवडले गेले, तर आजारी मज्जा काढून तिच्या जागी पुन्हा तीच आजारी मज्जा घातली जाणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? म्हणून ऊतक जुळते इतक्यावर न थांबता दात्याची जनुकीय तपासणी झालीच पाहिजे, आणि ती झाली आहे का हे पालकांनी विचारले पाहिजे.

ही तपासणीही वाटते तितकी सरळ नाही. मानवी जनुकसंचात रायबोसोम प्रथिनांच्या जनुकांच्या सुमारे दोन हजार निकामी नकला विखुरलेल्या आहेत. खऱ्या जनुकाऐवजी एखादी नक्कलच वाचली गेली तर निष्कर्ष फसवा येतो. दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. काही रुग्णांत जनुकात एखादे अक्षर बदललेले नसते, तर जनुकाची अख्खी एक प्रतच गहाळ असते. अशा वेळी नेहमीच्या क्रमवाचनात उरलेली चांगली प्रत तेवढी वाचली जाते आणि अहवाल 'निर्दोष' येतो. प्रती मोजणारी वेगळी चाचणी केल्याशिवाय ही उणीव दिसत नाही. पूर्वी ज्यांच्या अहवालात काही निघाले नव्हते, त्यांनी पुन्हा तपासणी करून घेण्यात म्हणूनच अर्थ आहे.

आई किंवा वडिलांपैकी एकात बिघाड असेल तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. तथापि निम्म्याहून अधिक रुग्णांत बिघाड नव्यानेच उद्भवलेला असतो. आई-वडिलांच्या जनुकांत तो नसतो. आपल्याकडे अशा वेळी दोष कुणाच्या घराण्याचा, याची चर्चा लगेच सुरू होते आणि बोट बहुधा सुनेकडे वळते. ही तपासणी त्या चर्चेलाही पूर्णविराम देऊ शकते.

रुग्ण मोठेपणीही निश्चिंत नसतो. रक्ताचे कर्करोग, आतड्याचा कर्करोग, हाडांचा कर्करोग यांचे प्रमाण अशा रुग्णांत सर्वसामान्यांपेक्षा अधिक आढळले आहे. प्रथिने कमी तयार होणाऱ्या पेशीने बेसुमार वाढावे हे कोड्यात टाकणारे आहे. एक तर्क असा, की पी-५३च्या जाचातून सुटण्यासाठी काही पेशी तो पहारेकरीच निकामी करून टाकतात आणि मग त्यांना कोणाचाच धाक उरत नाही.

रायबोसोमच्या बिघाडाचे धागे इतरत्रही सापडले. उतारवयातील एका रक्तविकारात पाचव्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला असतो. त्यात तांबड्या पेशी घटण्याचे कारण त्या तुकड्यावरील आरपीएस-१४ हे जनुक असल्याचे २००८ साली दाखवण्यात आले. २०१३ साली जन्मतः प्लीहाच नसलेल्या बालकांत आरपीएसए या आणखी एका रायबोसोम जनुकात दोष सापडला. तेथे रक्त ठीक असते, केवळ प्लीहा नसते. तांबड्या पेशींचे कोडे थोडेफार सुटते तोच हे नवे कोडे उभे राहिले.

औषधांच्या आघाडीवर प्रगती सावकाश आहे. ल्यूसिन हे साधे अमिनो आम्ल प्रथिननिर्मितीला चालना देते म्हणून मोठी आशा होती. परंतु २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील छोट्या चाचणीत मोजक्याच रुग्णांचे रक्त वाढले. आरपीएस-१९ची चांगली प्रत विषाणूच्या साह्याने रुग्णाच्या मूळपेशींत पोहोचवण्याचे प्रयोग प्रयोगशाळेत व उंदरांत यशस्वी झाले आहेत. दुरुस्त झालेल्या पेशी बिघडलेल्यांना मागे टाकून वाढतात, त्यामुळे थोड्याच पेशी सुधारल्या तरी भागेल असे या संशोधकांना वाटते. या आशेला निसर्गातूनच एक दाखला मिळाला आहे. या आजारातील काही रुग्ण कोणत्याही उपचाराविना बरे होतात आणि त्याचे कारण बहुधा कळत नाही. अशाच एका रुग्णाच्या रक्तपेशी तपासल्या तेव्हा आरपीएस-१९ची सदोष प्रत तेथे नव्हतीच. मज्जेतील एखाद्या मूळपेशीने विभाजनाच्या वेळी ती गमावली होती, तिच्या जागी चांगल्या प्रतीचीच दुसरी नक्कल आली होती, आणि त्या एका पेशीच्या वंशजांनी रक्तनिर्मितीचा भार उचलला होता.